नावे वाचली जातात तेव्हा

आमच्या गावच्या शाळेच्या आवारात, पाण्याच्या टाकीला लागून, जांभ्या दगडाचा एक चौथरा आहे. त्यावर काळ्या पाषाणाची कंबरभर उंचीची शिळा उभी असून तिच्यावर सात नावे कोरलेली आहेत. दरवर्षी २५ जुलैला सकाळी गावातले दोन-तीन माजी सैनिक आणि मी मिळून ती शिळा स्वच्छ करतो. दोन महिन्यांच्या पावसात जांभ्यावर शेवाळाचा असा थर चढतो की पाय ठरत नाही, आणि कोरलेल्या अक्षरांच्या खाचांतही ते हिरवेपण शिरते. चौथऱ्याला खराटा चालतो; अक्षरांसाठी मात्र नारळाच्या सोडणाचा लहानसा कुंचा करून एकेक खाच हलक्या हाताने मोकळी करावी लागते. हे काम करताना माणूस नकळत प्रत्येक नाव बोटाने वाचतो, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी. दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमापेक्षाही मला हा आदल्या दिवशीचा तासभर जवळचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ जुलैला, कारगिल विजय दिनानिमित्त त्या चौथऱ्यापाशी मानवंदना होते. १९९९ च्या त्या लढाईत आपले ५२७ जवान कामी आले. पण आमच्या शिळेवरच्या सात नावांपैकी एकही त्या लढाईतले नाही. पहिले नाव १९६२ सालचे आहे आणि शेवटचे काश्मीरमधल्या एका चकमकीतले. तरीही गावाने हाच दिवस धरला, त्याला गावापुरते कारण आहे. युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा एकच एक दिवस आपल्याकडे नाही. ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता हुतात्म्यांसाठी दोन मिनिटे मौन पाळले जाते. ४ डिसेंबरला नौदल कराचीवरील हल्ल्याची आठवण जागवते. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन आणि १६ डिसेंबर हा बांगलादेश युद्धातील विजयाचा दिवस असतो. हे सारे दिवस हिवाळ्यातले, आणि त्या दिवसांत आमच्या गावची निम्मी माणसे समुद्रावर असतात. जुलैअखेरपर्यंत मात्र मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, भाताची लावणीही हातावेगळी होत आलेली असते. माणसे घरी असतात. पाऊस असतो, हे खरे; पण पावसासाठी काही अडून राहण्याची कोकणात रीत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो आणि नोकरीची बहुतेक वर्षे याच तालुक्यात गेली. माझ्या घरातले कोणी सैन्यात नव्हते. या विषयाशी माझा संबंध आला तो ध्वजदिन निधीच्या डब्यामुळे. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला हा निधी गोळा होतो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे, भूदल, नौदल आणि वायुदल यांच्या नावाचे छोटे कागदी ध्वज आम्ही मुलांच्या छातीवर टाचणीने लावत असू आणि डबा घेऊन घरोघर फिरत असू. एका वर्षी एका घरी म्हातारीने डब्यात नाणे टाकले, ध्वज हातात घेतला आणि बरोबरच्या मुलाला विचारले, ‘हा कुणाच्या नावाचा?’ मुलाने सांगितले, ‘सगळ्या सैनिकांच्या नावाचा.’ तिने ध्वज घेतला आणि काही न बोलता आत गेली. तिचा दीर १९६५ च्या युद्धात पडला होता, हे मला परतताना वाटेत कळले. मी त्या गावात चार वर्षे शिकवत होतो आणि मला ते नाव ठाऊक नव्हते. त्यानंतर मी नावे गोळा करू लागलो.

या पट्ट्यात नावे थोडी नाहीत. आमच्या तालुक्याच्या गावाला, दापोलीला, जुनी माणसे आजही ‘कॅम्प’ म्हणतात, कारण इंग्रजांच्या काळात तेथे लष्कराची छावणी होती आणि पुढे निवृत्त सैनिकांची वस्ती झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ तेथेच राहिले. पलीकडे महाड तालुक्यात तर एका गावाच्या नावातच फौज आहे: फौजी आंबवडे. खाचरातली चार गुंठे भातशेती, वर्षातले चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने हाताला काम नाही, अशा मुलखातल्या तरुणाला तीनच वाटा होत्या. मुंबईची गिरणी, बोट किंवा पलटण. कोकणी माणूस सैन्यात गेला तो शौर्यापोटी की पोटापोटी, असा प्रश्न काही जण विचारतात. मला तो प्रश्न गैर वाटतो. पोटासाठी गेलेला माणूसही प्राण देतो तेव्हा तो पूर्णच देतो.

पूर्वी मी मानवंदनेसाठी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जात असे. तेथला संचलनाचा शिस्तबद्ध सोहळा पाहण्यासारखा असतो आणि त्याचा अर्थ ज्यांना माहीत नाही त्यांनी तो जाणून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. प्रथम पुष्पचक्र अर्पण होते. मग ‘शोक शस्त्र’ असा आदेश सुटतो आणि तुकडीतला प्रत्येक जवान बंदूक उलटी करतो. नळीचे तोंड बुटावर टेकते, दोन्ही हात दस्त्यावर येतात आणि मान खाली जाते. एरवी ज्याची नजर समोर आणि हनुवटी वर असते, अशा माणसाने शस्त्र उलटे करून मान झुकवणे, याहून मोठी शोकाची खूण सैनिकाजवळ नाही. त्यानंतर बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. छावणीत दिवसाच्या शेवटी, सर्व पहारे तपासून झाले हे कळवण्यासाठी वाजणारी ही धून आहे. ती पडलेल्या सैनिकासाठी वाजते तेव्हा त्याचा पहारा संपला, त्याने आता विसावा घ्यावा, असा तिचा अर्थ होतो. मग मौन, आणि मौनानंतर पुन्हा बिगुल, या वेळी पहाटेची, उठवणारी धून.

आमच्या गावी यांतले फार थोडे असते. बंदुका नसतात. बिगुल तालुक्याच्या शाळेतला राष्ट्रीय छात्र सेनेचा एखादा मुलगा येऊन वाजवतो. तो आजारी पडला तर बिगुलावाचूनच कार्यक्रम होतो. पुष्पचक्र गावातल्या बायका करतात. वेताच्या कांबीचे कडे वळवून त्याला क्रोटनची आणि शेवंतीची पाने केळीच्या सोपटाने बांधतात, मध्ये तगर आणि अनंत गुंफतात. पावसात अनंताची फुले लवकर पिवळी पडतात, म्हणून ती पहाटेच खुडून ओल्या फडक्यात ठेवलेली असतात. माजी सैनिक पदके लावून एका रांगेत उभे राहतात. त्यांनी छत्री घ्यायची नाही, असा कोणी नियम केलेला नाही. पण गेल्या इतक्या वर्षांत त्यांतल्या एकानेही छत्री उघडलेली मी पाहिली नाही. त्यांना पाहून पुढे मुलांनीही छत्र्या मिटवल्या. दोन मिनिटांच्या मौनात टाकीवरच्या पत्र्यावर पडणारा पाऊस आणि खाडीच्या तोंडाकडून येणारी गाज एवढेच ऐकू येते.

मौनानंतर नावे वाचली जातात. हुद्दा, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, पलटण किंवा जहाज, वाडी आणि वर्ष. सात नावांना दीड मिनिटसुद्धा लागत नाही. पूर्वी हे काम एक निवृत्त सुभेदार करत. त्यांची नजर अधू झाल्यावर त्यांनी ती यादी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘गुरुजी, सावकाश वाचा. दोन नावांच्या मध्ये एक श्वास सोडा.’ मी आजही तसेच वाचतो.

नावांचा एवढा आग्रह का, असे मला एकदा एका तरुण सहकाऱ्याने विचारले होते. त्याला मी आमच्या ग्रामदेवतेच्या देवळामागे नेले. तेथे पिंपळाच्या मुळांत तीन वीरगळ आहेत. वीरगळ आपल्या मुलखाला नवे नाहीत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. म्हणजे चंद्रसूर्य असेतो या माणसाची कीर्ती राहील, असे आश्वासन. बोरिवलीजवळच्या एक्सर गावातल्या वीरगळांवर तर वल्ह्यांच्या रांगा असलेली लढाऊ गलबते कोरलेली आहेत. ते शिलाहारांच्या काळातल्या आरमारी लढाईचे चित्रण असल्याचे अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर समुद्रात पडलेल्या माणसासाठी दगड उभा करण्याची रीत काही शतकांची आहे. आमच्या देवळामागच्या तीन वीरगळांवर लोक शेंदूर लावतात, नारळ फोडतात, नवस बोलतात. ते कोणाचे, हे मात्र गावात कोणालाही सांगता येत नाही. चंद्रसूर्य आहेत, पूजा आहे, नाव नाही.

त्याच सहकाऱ्याला मी मग जुन्या चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी दाखवली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा पाट्या देशभरातल्या पुष्कळ गावांत बसवल्या. मजकूर साधारण एकच असतो: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे दोन, नाव एकही नाही. इंग्रजीतला तो मजकूर पिढ्यान्‌पिढ्या गावातल्या कोणी वाचला नाही, आणि वाचला तरी त्यातून कोणाचा आजा, कोणाचा पणजा, हे कळण्याची सोय नाही.

ही माणसे कोठे गेली असतील, याचा अंदाज मात्र बांधता येतो. मराठा पलटणींचा मोठा हिस्सा त्या काळी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होता. कूत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत जो वेढा पडला, त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपले, घोडे कापून खाण्याची पाळी आली, शेवटी शरणागती झाली, आणि कैदेत वाळवंट तुडवताना कित्येक माणसे गेली. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत ज्यांची कबर सापडली नाही अशांसाठी बसरा येथे १९२९ मध्ये मोठे स्मारक उभारले गेले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसांची स्मृती आहे. परंतु इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरली गेली, आणि साध्या हिंदी शिपायांसाठी त्यांच्या पलटणीच्या नावापुढे केवळ संख्या लिहिली गेली. आमच्या चावडीवरच्या पाटीत आणि त्या स्मारकात हजारो कोसांचे अंतर आहे. वृत्ती एकच आहे. हे वाचले त्या दिवशी मला जेवण गेले नाही. कूतच्या खंदकात चिखलात बसलेला तो माणूस येथे कोणाचा तरी ‘बाळ्या’ होता, कोणी त्याला खळ्यावरून हाक मारत होते. त्याच्यासाठी एक ओळ कोरण्याइतकाही दगड कोणाला मिळाला नाही.

याच्या उलट उदाहरणही कोकणातच आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. त्यांच्या हाताखालची सगळी तुकडी मशीनगनच्या माऱ्याखाली ठार किंवा जखमी झाली असता ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने ती मशीनगन निकामी केली, एकाला गोळी घातली, आणि गोळ्या भरायला उसंत नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर दस्त्याने तुटून पडले. नंतर शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्यांना छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर नाही. पण इटलीतल्या कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबईहून येताना मी तेथे मुद्दाम उतरलो होतो. पुतळ्यापाशी भाजी विकणाऱ्या एका बाईंना मी विचारले, हे कोण? त्यांनी हातातला वजनकाटा खाली ठेवला आणि गाव, नाव, आडनाव सारे न अडखळता सांगितले. माझ्या दृष्टीने त्या पदकाची खरी किंमत तीच.

आता आमच्या शिळेवरच्या पाचव्या नावाविषयी लिहितो. ते लिहिण्यासाठीच हा सारा मजकूर सुरू केला.

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून दूर अरबी समुद्रात, आयएनएस खुकरी या युद्धनौकेवर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने पाणतीर सोडला. काही मिनिटांतच खुकरी बुडाली. तिच्यावरचे १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली ही पहिलीच युद्धनौका. तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी माणसांना बाहेर काढले, स्वतःचे जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले आणि ते जहाजाबरोबर खाली गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दीवला समुद्राकडे तोंड करून खुकरीचे स्मारक आहे. त्या १७६ खलाशांपैकी एक आमच्या गावचा, खालच्या वाडीतला होता.

त्यांच्या पत्नीला सारा गाव काकी म्हणतो. लग्न झाले तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्या डिसेंबरात वीस, आणि मुलगी सात महिन्यांची. तार आली ती इंग्रजीत. ती वाचण्यासाठी सासऱ्यांनी शाळेतल्या तेव्हाच्या हेडमास्तरांना बोलावून आणले. काकी सांगतात, ‘मास्तरांनी तार मनात वाचली, मग पुन्हा मनात वाचली, आणि चश्मा काढून खिशात ठेवला. तेव्हाच मला कळलं. बोलले ते नंतर.’

काकींच्या लोखंडी पेटीत ती तार आहे, एक छायाचित्र आहे, आणि मनीऑर्डरच्या पावत्यांची एक जुडी आहे. मनीऑर्डरच्या तळाला दोन ओळी मजकूर लिहिण्याची जागा असे आणि नोकरीवर असलेल्या माणसाची पत्रे बहुधा तेवढीच असत. नोव्हेंबर १९७१ च्या पावतीवर बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘शिमग्याला रजा मिळेल. बाळाचे जावळ तोपर्यंत काढू नये.’ काकींनी ती पावती मला एकदाच दाखवली. कागद घडीवर फाटला आहे आणि मागून वहीच्या पानाची पट्टी खळीने चिकटवली आहे.

देह आला नाही, येणे शक्यच नव्हते. सासऱ्यांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग खाडीच्या मुखावर पालाशविधी केला. दर्भाची आणि पळसाच्या पानांची माणसाएवढी आकृती मांडून, डोक्याच्या जागी नारळ ठेवून तिला अग्नी दिला. काकी घरीच राहिल्या. ‘मी गेले नाही,’ एवढेच त्या सांगतात. शहरातल्या वाचकाला कदाचित हे ठाऊक नसेल की कारगिलपूर्वीच्या युद्धांत, भूदलाच्या जवानांचेही अंत्यसंस्कार बहुधा रणभूमीजवळच होत आणि घरी येई ती तार. कारगिलच्या वेळी तिरंग्यात लपेटलेल्या पेट्या गावोगाव पोहोचल्या आणि सारे गाव अंत्ययात्रेला लोटले. आज जे तरुण पडतात त्यांचे शेवटचे दर्शन निदान घराला होते. १९७१ च्या विधवांना ते मिळाले नव्हते, हे ध्यानात घेतल्याशिवाय शिळेवरचे नाव त्यांना काय असते, हे समजणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी आमच्या कार्यक्रमाला तालुक्याबाहेरचे प्रमुख पाहुणे येणार होते. ते दीड तास उशिरा आले. पाऊस तुफान होता, मुले कुडकुडत होती, आणि पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता. त्यांच्याबरोबरच्या माणसाने माझ्या कानाशी येऊन सांगितले, ‘गुरुजी, थोडे आटोपते घ्या.’ सूत्रसंचालन माझ्याकडे होते. पुष्पचक्र झाले, मौन झाले, पाहुण्यांचे भाषण झाले. ते वीस मिनिटे चालले. नावांची यादी माझ्या खिशात होती. ती तशीच राहिली. मी स्वतः आभार मानले आणि कार्यक्रम संपवला.

काकी नेहमीप्रमाणे शाळेच्या पडवीत, खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि कोणाशी न बोलता चालू लागल्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला पाट दिला, कोकमाचे सरबत दिले, घरच्या गाईविषयी बोलल्या. मीच शेवटी विषय काढला आणि क्षमा मागितली. त्या थोडा वेळ चुलीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘गुरुजी, भाषण राहिलं असतं तरी चाललं असतं. नाव राहायला नको होतं.’

मग त्यांनी जे सांगितले ते माझ्या इतक्या वर्षांत ध्यानात आले नव्हते. त्यांच्या पिढीतल्या बाईने नवऱ्याचे नाव उच्चारायचे नसते. लग्नात, मंगळागौरीला, हळदीकुंकवाला उखाण्यात घेतले तेवढेच. १९७१ नंतर उखाण्याचे प्रसंगही त्यांच्यासाठी संपले. सासूसासरे होते तोवर ते मुलाचे नाव घेऊन रडत, रागावत, कधी जुने काही सांगत, ते गेले. दीर मुंबईला, तेही गेले. मुलगी ‘बाबा’ म्हणते, नातवंडे ‘आजोबा’. बरोबरीचे मित्र, जे नावाने हाक मारत, त्यांतला शेवटचा दहा वर्षांपूर्वी वारला. काकी म्हणाल्या, ‘आता त्यांचं नाव माझ्या कानावर वर्षातून एकदाच पडतं. मी तेवढ्यासाठीच येते.’

आपण ‘नाव घेणे’, ‘नाव राखणे’, ‘नाव काढणे’ असे सहज बोलतो. त्या संध्याकाळी खालच्या वाडीतून घरी येताना बॅटरीच्या उजेडात चिखल तुडवताना मला हे शब्द पहिल्यांदा खरे कळले, आणि माझ्या खिशातली ती पिशवी मला जड झाली.

पुढच्या वर्षी मी ग्रामसभेत बोललो आणि कार्यक्रमाचा क्रम बदलून घेतला. आता आधी नावे. पाहुणे आलेले असोत वा नसोत, ठरल्या वेळी ध्वजाला सलामी होते, मौन होते, आणि लगेच नावे वाचली जातात. प्रत्येक नाव वाचले की त्या त्या वाडीतले एक मूल पुढे येऊन शिळेपाशी एक फूल ठेवते, म्हणजे मुलांनाही ते नाव आपल्या वाडीचे म्हणून कळते. भाषण शेवटी, आणि तेही कोणी केले तर. जेथे जेथे असे कार्यक्रम होतात तेथल्या संयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी हा क्रम पाहावा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात, जे २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले, त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे आहेत, आणि प्रत्येकासाठी ग्रॅनाइटची वेगळी शिळा आहे. तेथे माणूस संख्येत मिसळलेला नाही. पंचवीस हजार नावांना जर वेगळी वेगळी शिळा मिळू शकते, तर सात नावांना दीड मिनिट मिळालेच पाहिजे.

चावडीवरच्या पाटीतल्या माणसांची नावे शोधण्याचे कामही मी हाती घेतले आहे. राष्ट्रकुल युद्धस्मारकांच्या नोंदी आता संगणकावर पाहता येतात. गावातली दोन मुले मला त्यात मदत करतात. अडचण अशी की त्या काळच्या कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत लिहिले. गावाचे नाव एका नोंदीत एक, दुसरीत दुसरे. आडनावे तर ओळखू येऊ नयेत इतकी बदललेली. आतापर्यंत एकाच नावाविषयी आमची जवळजवळ खात्री झाली आहे. आणखी एक पुरावा मिळाला की ते गावासमोर ठेवू.

या नोंदींविषयी काकींना सांगत होतो तेव्हाच त्यांनी मला एक गोष्ट सुचवली. आमच्या शिळेवरची नावे ज्या सरकारी यादीवरून कोरली ती यादी इंग्रजीतून मराठीत उतरवलेली होती, आणि इंग्रजीत ‘ळ’ नाही. त्यामुळे पाचव्या नावाच्या आडनावात ‘ळ’ च्या जागी ‘ल’ कोरला गेला आहे. सुभेदारसाहेब तसेच वाचत, मीही तसेच वाचत आलो. इतकी वर्षे काकींनी ते तसेच ऐकले. तोंडाने आडनाव सांगता येत होते, ते त्यांचेही आडनाव होतेच. पण त्यांना पूर्ण नाव नीट हवे होते. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे जुने पान उलटे केले, नातवाची पेन्सिल मागितली आणि जमिनीवर पान ठेवून लिहू लागल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचे अक्षर, मोठे, सुटे, प्रत्येक अक्षरावर वेगळी रेघ. नवऱ्याचे नाव, सासऱ्यांचे नाव, आडनाव. ‘ळ’ पाशी आल्यावर त्यांनी पेन्सिल थांबवली, त्याच्या दोन्ही गाठी पुन्हा गिरवल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

या २६ जुलैला मी त्याच कागदावरून वाचले. शिळेवरचे अक्षर दुरुस्त करायला पाथरवट दिवाळीनंतर येणार आहे.